मैदान मिळाले, आता खुर्ची!

पिंपरी म्हटले की एके काळी लोकांना पेनिसिलिन आठवे. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पाठोपाठ एकेक कारखाना आला, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणच्या माळावर मोटारी तयार होऊ लागल्या. भोंग्यावर चालणाऱ्या ह्या नगरीत पोटासाठी आलेल्या माणसांच्या मुली आज पिंपरी, आकुर्डी, निगडीच्या महाविद्यालयांत शिकतात. आणि नुसत्या शिकत नाहीत, तर कबड्डी-खोखोची मैदाने गाजवतात. मुलींनी खेळावे की नाही, हा वाद आता कोणी घालीत नाही. पण त्याच्या पोटातून निघालेला दुसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. मुली खेळतात हे खरे; पण खेळ चालवते कोण?

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे पद सहसा एकच असते. त्याच्या जोडीला जिमखाना समिती. सराव किती वाजता, संघात कोण, पैसे कशावर खर्चायचे, हे तेथे ठरते. त्याच्यावर विभागीय क्रीडा समिती आणि सर्वांत वर विद्यापीठाचे क्रीडा मंडळ. ह्या भागातील बहुतेक महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव आहे. मुलींना शाळेचे दार उघडून देणाऱ्या त्या माउलीच्या नावाखाली तरी हा हिशेब व्हायला हवा. त्यासाठी फार लांब जायला नको. घरातल्या कपाटातून मुलीच्या महाविद्यालयाचा वार्षिक अंक काढावा आणि जिमखान्याचे छायाचित्र पाहावे. मागे उभी असलेली रांग आणि पुढे खुर्च्यांवर बसलेली रांग. मागच्या रांगेत मुली किती आणि पुढच्या रांगेत स्त्रिया किती, हे वाचकांनीच मोजावे!

मुलींसाठी म्हणून ‘एल. आर.’चे पद महाविद्यालयांत पूर्वापार चालत आले आहे. पद मानाचे खरे. पण त्याची सारी धावपळ बहुधा स्नेहसंमेलनाच्या मांडवातच होते. मुलींचा संघ परगावी निघाला, की ‘बरोबर एखाद्या मॅडम हव्यात’ म्हणून पुष्कळदा मराठीच्या नाहीतर गणिताच्या प्राध्यापिकेला धाडतात. तिकिटे, औषधे, पालकांचे फोन सारे तिने सांभाळायचे. संघ निवडताना मात्र तिला विचारायचे नाही. जबाबदारी एकीची, अधिकार दुसऱ्याचा!

ह्यात बिघडते ते काय? चाकणहून बसने येणाऱ्या मुलीला पहाटे सहाचा सराव कसा जमावा, कपडे बदलायला आडोसा कोठे आहे, महिन्यातले अवघड दिवस कसे निभावावेत, ह्या गोष्टी ती वडिलांच्या वयाच्या सरांपाशी बोलत नाही. ती काहीच बोलत नाही. एक दिवस खेळ सोडून देते. घरी म्हणतात, अभ्यास वाढला असेल. एक चांगली खेळाडू गेली, ह्याची नोंद कोठेच होत नाही.

‘काळाबरोबर होईल सारे आपोआप,’ असे कोणी म्हणेल. अनुभव तसा नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने महाविद्यालयीन मुलींना खेळाचे दार सताड उघडले. त्या वेळी मुलींच्या संघांच्या दर शंभर प्रशिक्षकांत नव्वदांहून अधिक स्त्रिया होत्या. खेळाडू मुली अनेक पटींनी वाढल्या, प्रशिक्षकाच्या पदाला पगार आणि प्रतिष्ठा आली, आणि २०१४ पर्यंत तो आकडा त्रेचाळीसच्या आसपास उतरला! मैदान वाढले, खुर्ची गेली.

आपल्याकडेही तेच. महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा १९७३ साली पुण्यातच झाली. संघ अवघे तीन. महिला क्रिकेटची संघटना तेव्हा वेगळी होती. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी भारताच्या कर्णधार झाल्या आणि पुढे ह्याच संघटनेच्या सचिवही. २००६ मध्ये ती संघटना मोठ्या मंडळात विलीन झाली. त्यातून सामने वाढले, कालांतराने पैसाही आला. कारभाराची सूत्रे मात्र पुरुषांच्याच हाती राहिली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. त्यांचे श्रेय त्यांना आहेच. पण त्या तोडीच्या प्रशिक्षक स्त्रिया आपण किती घडवल्या?

स्त्रियांना ते साधत नाही, असे तर नाहीच. नाशिकच्या शैलजा जैन ह्यांचे उदाहरण घ्या. त्यांनी इराणच्या मुलींना कबड्डी शिकवली, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्या मुलींनी अंतिम सामन्यात भारतालाच २७-२४ असे हरवले! घरची विद्या परक्यांनी ओळखली, ती अशी. डिसेंबर २०२२ मध्ये पी. टी. उषा भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा संस्थांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया असण्याची अट घातली. कळसावर सोन्याचा मुलामा चढू लागला. पायऱ्या मात्र महाविद्यालयातच बांधाव्या लागतील.

त्या बांधणे कठीण नाही. मुलगी एल. आर. होतेच, तिला जिमखान्याची सचिवही होऊ द्यावे. संघाबरोबर जाणाऱ्या प्राध्यापिकेला निवडीच्या बैठकीत मत असावे. खेळून बाहेर पडलेल्या मुलींना प्रशिक्षणासाठी आणि समितीच्या कामासाठी परत बोलवावे. आणि थोडे घरानेही करावे. चषक घेऊन आलेल्या लेकीचे कौतुक आपण करतोच. जिमखान्याच्या बैठकीमुळे तिला परतायला उशीर झाला, तर दारातच ‘हे उद्योग कशाला?’ असे विचारू नये. तिचे ताट झाकून ठेवावे आणि बैठकीत ती काय बोलली, ते विचारावे.