मूळव्याधच असेल!

लालबागच्या आमच्या चाळीत संडास सामाईक, पण तिथलं दुखणं ज्याचं त्याच्यापाशी. मामांना वर्षभर रक्त पडत होतं. मूळव्याधीतही रक्त पडतं, म्हणूनच फसगत होते. ते मलम लावत राहिले. लाजेपोटी डॉक्टरांना बोट घालून तपासू दिलं नाही. अखेर परळच्या टाटा रुग्णालयात (तेही १९४१ पासून हाकेच्या अंतरावर!) दुर्बिणीत गुदाशयाचा कर्करोग दिसला. आधी किरणोपचार, मग शस्त्रक्रिया, पोटावर कायमची पिशवी. याची सुरुवात बहुधा आतड्यातल्या छोट्या मांसल गाठीने, पॉलिपने होते. तिचा कर्करोग व्हायला साधारण १० वर्षं जातात. तोवर ती दुर्बिणीतूनच काढता येते. मामा आता गॅलरीत उभे राहून पिशवीबद्दल कुणालाही सांगतात. मामी तेवढ्यात दार लोटून घेते.