घरची आरोग्यवही

शेताचा सातबारा कुठे ठेवला आहे असे कुणी विचारले, तर घरातला म्हातारा माणूस अंधारातही पेटी उघडून तो नेमका काढून देईल. सोसायटीच्या कर्जाची पावती, घरपट्टीची पावती, सारे कसे एका फडक्यात बांधलेले असते. पण मागच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या दिल्या होत्या, असे विचारा. उत्तर येते, "दोन पांढऱ्या आणि एक लाल." आता पांढऱ्या गोळ्या का थोड्या आहेत!

या विसराळूपणाची किंमत आमच्या घराने एकदा जवळजवळ मोजली होती. माझ्या चुलत्यांच्या पायाला विळा लागला, जखम चिघळली, ताप चढला. रात्री त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी विचारले, "पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?" काका ग्लानीत होते. काकू म्हणाल्या, "न्हाई बा, तसं काही न्हाई." सुई दिली आणि काही मिनिटांतच अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडू लागला. डॉक्टरांनी लगेच उपाय केला म्हणून काका वाचले. पुढे घरी आल्यावर पत्र्याची पेटी उपसली, तर तळाशी वीस वर्षांपूर्वीचा केसपेपर निघाला. त्यावर तांबड्या शाईने लिहिले होते : पेनिसिलिन देऊ नये. दोष डॉक्टरांचा नव्हता. त्यांनी विचारले होते. उत्तर आमच्या पेटीत होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की प्रत्येक घरात एक आरोग्यवही असावी. शंभरपानी साधी वही घ्या आणि प्रत्येक माणसाला काही पाने वाटून द्या. पहिल्या पानावर नाव आणि जन्माचे साल लिहा. त्याखाली, जे औषध सोसत नाही त्याचे नाव ठळक अक्षरांत लिहा. मग मधुमेह, रक्तदाब, दमा असे जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया व त्यांची साले, आणि रोज चालू असलेली औषधे. औषधाचे नाव पाकिटावरून जसेच्या तसे उतरवा. रक्तगट माहीत असेल तर लिहा. नसेल तर अडून बसू नका, कारण रक्त देण्यापूर्वी दवाखान्यात तो तपासतातच.

पुढच्या पानांवर प्रत्येक आजारपणाची एक ओळ पुरे : तारीख, तक्रार, औषध, किती दिवस घेतले, गुण आला की नाही. रक्तदाबाचे वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे लिहावेत. साखरेचा आकडा लिहिताना तपासणी उपाशीपोटी केली की जेवणानंतर, हेही लिहावे. नाहीतर तो आकडा वाचणाऱ्याला काही सांगत नाही. एका आकड्यावरून फारसे कळत नाही, पण वर्षभराचे आकडे एकाखाली एक मांडले, की दुखणे वाढते आहे की आटोक्यात आहे हे डॉक्टरांच्या लगेच ध्यानात येते.

लसींचेही तसेच. बाळाचे कार्ड शाळेत नाव घातले की अडगळीत जाते. वास्तविक धनुर्वात व घटसर्प यांवरची लस पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही द्यायची असते. मोठ्या माणसाला गंजका खिळा लागला, तरी धनुर्वाताची सुई शेवटी कधी घेतली, हे डॉक्टर विचारतातच.

आता कागद. ते तारखेप्रमाणे लावा, दाभणाने भोक पाडून सुतळीत ओवा. हृदयाच्या आलेखाचा गुळगुळीत कागद बहुधा काही काळाने पुसट होतो. त्याची झेरॉक्स काढून ठेवा. उष्णतेने प्लॅस्टिक चढवायला मात्र देऊ नका, तो काळा पडतो. दवाखान्यातून घरी सोडताना मिळणारे कार्ड कधीही टाकू नका. दाखल झालेल्या रोग्याची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे ठेवावीत, आणि रोग्याने मागितल्यास ती 72 तासांत द्यावीत, असा 2002 चा नियम आहे. तेव्हा मागायला संकोच नको. पण तीन वर्षांनंतरची जपणूक आपलीच.

2021 पासून सरकारने देशभर 14 आकडी आरोग्य-क्रमांकाची सोय केली आहे. त्यावर कागद मोबाइलमध्येही साठवता येतात. ती जरूर घ्यावी. परंतु रात्री-अपरात्री मोबाइल बंद पडला किंवा रेंज नसली, तर हाताशी येईल ती वहीच.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. आठवी-नववीच्या मुलांना ही वही कशी आखावी ते फळ्यावर दाखवा. ज्या घरी वडीलधाऱ्यांना लिहिता येत नाही, तिथे तीच मुले वही लिहितील. मात्र भरलेली वही वर्गात मागवू नका. कुणाचे दुखणे काय, ही त्या घरची खाजगी बाब आहे. ती डॉक्टरांपुढे उघडावी, चावडीवर नव्हे.

सगळी वही एका दिवसात भरणार नाही. आज रात्री जेवणे झाली, की घरातल्या थोरांना एकच प्रश्न विचारा, "तुम्हांला कोणतं औषध सोसत नाही?" जे उत्तर येईल, ते पहिल्या पानावर लिहा. आणि वही सातबाऱ्याच्या शेजारी ठेवा.