खडक पाणी पितो तेव्हा

तेल-वायूच्या विहिरीभोवती पंपांचे ट्रक दाटीवाटीने उभे आहेत. पाणी आणि वाळू दोन किलोमीटर खोल खडकात घुसते आहे. पडद्यावरची दाबाची रेघ बराच वेळ सपाट असते आणि एकाएकी उभी चढते. पंप बंद करावे लागतात. तेलक्षेत्रात याला ‘स्क्रीनआउट’ म्हणतात. वाळूला वाहून नेणारे पाणी खडकाने पिऊन टाकले आणि वाळू भेगेत गच्च बसली. मग विहिरीत साचलेली वाळू उपसत बसावे लागते.

दाबाने खडक फोडून वाळूने भेग उघडी ठेवायची, हे तंत्र १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये प्रथम अजमावले गेले. एकसंध खडकात भेगेतून होणारी पाण्याची गळती आटोक्यात राहते. पाणी दाट करायला बहुधा गवारीच्या बियांचा डिंक वापरतात. हो, आपल्या भाजीतलीच गवार. डिंकाचा पातळ थर भेगेच्या भिंतीवर सायीसारखा धरतो आणि गळती मंदावते. संशोधक कार्टर यांच्या १९५७ च्या सूत्रानुसार पहिल्या मिनिटाला गळतीचा जो वेग असतो, तो चौथ्या मिनिटाला निम्मा होतो.

मुळातच भेगाळलेल्या खडकात हा हिशेब कोलमडतो. जुन्या भेगा खडकातल्या दाबाने मिटलेल्या असतात. सोडलेल्या पाण्याचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की त्या उघडतात आणि गळती मंदावण्याऐवजी वाढते. त्या सरसकट बुजवताही येत नाहीत, कारण घट्ट खडकात वायूची वाट त्यांच्यातूनच जाते. कोलोरॅडोतल्या रायफल गावाजवळ १९८० च्या दशकात झालेल्या सरकारी प्रयोगांत हा पेच स्पष्ट दिसला: आत शिरलेला डिंक त्याच वाटा तुंबवतो. म्हणून सुमारे ०.१५ मिलिमीटरची बारीक वाळू सोडतात. ती भेगेच्या तोंडाशी अडते, गळती रोखते, पण वायूला थोडी वाट ठेवते.

टेक्सासच्या बार्नेट शेल या खडकथरात मिचेल एनर्जी कंपनीने १९९७ च्या सुमारास उलट मार्ग धरला: डिंक जवळपास वगळून पातळ पाणीच भरपूर सोडले. वायू मिळाला, खर्चही घटला, पण अशा विहिरींत सोडलेले बरेचसे पाणी परत येत नाही. हा सौदा वायूसाठी फायद्याचा, पाण्यासाठी नाही.

गळतीचा आधीच अंदाज घेण्याचा सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणजे आधी वाळूविना थोडे पाणी सोडून पंप थांबवायचे आणि दाब कसा उतरतो ते पाहायचे. केनेथ नॉल्टी यांनी १९७९ मध्ये या उताराचे गणित मांडले. जुन्या भेगा उघडल्या असतील, तर तो उतार ते सांगतो. घाईपोटी ही चाचणी टाळणे महागात पडते.

महाराष्ट्रात असेच तंत्र वायूऐवजी पाण्यासाठी वापरतात: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कमी पाण्याच्या विंधन विहिरींत जलभंजन, म्हणजे दाबाच्या पाण्याचा मारा करून बेसाल्टमधल्या भेगा मोकळ्या करते. जिथे भेगांतून पाणी निसटून जाते, तिथे हीच यंत्रणा त्या भेगांत सिमेंट भरते.