समस्या व्यवस्थापन (माहिती तंत्रज्ञान)

समस्या व्यवस्थापन ही माहिती तंत्रज्ञान सेवांमध्ये वारंवार उद्भवणाऱ्या बिघाडांची मूळ कारणे शोधण्याची, ती दूर करण्याची आणि लगेच दूर न होणाऱ्या कारणांवर नियंत्रण ठेवण्याची पद्धतशीर प्रक्रिया आहे. बँका, शेअर बाजार, रेल्वे आरक्षण, विद्यापीठे अशा संगणकावर विसंबून असलेल्या सर्वच संस्थांना तिची आवश्यकता असते. बंद पडलेली सेवा पूर्ववत करणे आणि ती बंद का पडली हे शोधणे ही दोन भिन्न कामे आहेत, हे या प्रक्रियेचे मूलतत्त्व होय.

संज्ञा

सेवेत अनपेक्षितपणे पडलेल्या खंडास किंवा तिचा दर्जा घसरण्यास ‘घटना’ म्हणतात. एक वा अनेक घटनांचे प्रत्यक्ष किंवा संभाव्य कारण म्हणजे ‘समस्या’. जिचे विश्लेषण झाले आहे, परंतु जिचे निराकरण अद्याप झालेले नाही, अशी समस्या ‘ज्ञात त्रुटी’ ठरते. कारण कायम असतानाही घटनेचा परिणाम कमी करणारी सोय म्हणजे ‘तात्पुरता उपाय’. ताप उतरवणारी गोळी हा तात्पुरता उपाय आहे. तापाचे निदान हे समस्या व्यवस्थापनाचे काम आहे.

उगम व कार्यपद्धती

या संज्ञा ‘आयटीआयएल’ या मार्गदर्शक ग्रंथमालेमुळे रूढ झाल्या. तिचा आरंभ १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या संगणक व दूरसंचारविषयक संस्थेने केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या चौथ्या आवृत्तीत समस्या व्यवस्थापनाचे तीन टप्पे सांगितले आहेत : समस्या ओळखणे, समस्येचे विश्लेषण करून तात्पुरते उपाय नोंदवणे आणि ज्ञात त्रुटींचा वेळोवेळी आढावा घेऊन कायमचा उपाय करणे. कायमचा उपाय खर्चिक असेल आणि त्रास अल्प असेल, तर तात्पुरत्या उपायावरच भागवण्याचा निर्णयही विचारपूर्वक घेता येतो. मात्र त्याची नोंद ठेवावी लागते.

मूळ कारणाचा शोध

कारणे शोधण्यासाठी जपानी उद्योगांतून आलेल्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. काओरू इशिकावा यांची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती संभाव्य कारणांचे गट पाडून दाखवते. टोयोटा उद्योगसमूहातून प्रसृत झालेल्या ‘पाच वेळा का’ या पद्धतीत प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का?’ असा प्रश्न विचारला जातो.

समजा, ठाणे जिल्ह्यातील कोपर येथील एका वाचनालयाची पुस्तक-देवघेव प्रणाली दर काही आठवड्यांनी बंद पडते. का? संगणकाची साठवणक्षमता संपते. का? माहितीच्या जुन्या प्रती साचत राहतात. का? त्या पुसून टाकणारी आज्ञावली चालत नाही. का? संगणक बदलला तेव्हा ती नव्या संगणकावर बसवली गेली नाही. का? संगणक बदलताना करावयाच्या कामांची यादीच नव्हती. कर्मचारी काही फायली पुसून प्रणाली पुन्हा सुरू करतो, तेव्हा घटना मिटते. समस्या मात्र यादी तयार होईपर्यंत शिल्लक राहते. येथे मूळ कारण यंत्रात नसून कामाच्या रीतीत आहे.

महाराष्ट्रातील उदाहरणे

मुंबईत मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेच्या इंटरनेट व मोबाइल बँकिंग सेवांत दोन वर्षांत अनेकदा खंड पडला. २१ नोव्हेंबर २०२० रोजीचा खंड प्रमुख माहिती केंद्रातील वीजपुरवठा खंडित झाल्याने पडला होता. २ डिसेंबर २०२० च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने नव्या डिजिटल योजना सुरू करणे आणि नवे क्रेडिट कार्ड ग्राहक घेणे तात्पुरते थांबवले, तसेच त्रुटी तपासून उत्तरदायित्व निश्चित करण्यास संचालक मंडळास सांगितले. कार्डांवरील निर्बंध ऑगस्ट २०२१ मध्ये शिथिल झाले आणि उरलेले मार्च २०२२ मध्ये उठले. प्रत्येक वेळी सेवा पूर्ववत झाली होती. नियामकाचा आक्षेप खंडांच्या पुनरावृत्तीवर होता.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० वाजता थांबले आणि दुपारी ३:४५ वाजता पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या, तरी दोन्हींत अडचण आली. सेबीने मूळ कारणांचे विश्लेषण मागवले आणि कामकाज पर्यायी केंद्राकडे का वळवले नाही, याचेही स्पष्टीकरण मागितले. जोडणी तुटणे हे तात्कालिक कारण होते. पर्याय असूनही तो उपयोगी का पडला नाही, हा त्यामागचा प्रश्न होता.

मर्यादा

मोठ्या बिघाडास बहुधा एकच मूळ कारण नसते. अनेक लहान उणिवा एकत्र येतात. त्यामुळे ‘का?’ची एकच साखळी दिशाभूल करू शकते. चौकशीचा रोख दोषी व्यक्ती शोधण्याकडे वळल्यास कर्मचारी चुका लपवू लागतात व माहितीच मिळेनाशी होते. तसेच सेवा सुरू होताच शोधाची निकड ओसरते. म्हणून अनेक संस्थांत घटना हाताळणे आणि समस्येचा शोध घेणे ही कामे स्वतंत्र व्यक्तींकडे सोपवली जातात.