न दिसणारा वर्णपट

लोलकातून प्रकाश गेला की त्याचा वर्णपट डोळ्यांसमोर पसरतो. व्यतिकरणमापी, म्हणजेच इंटरफेरोमीटर, मात्र रंग वेगळे करून दाखवत नाही. त्यात प्रकाशाचे दोन भाग होतात, दोन आरशांवरून परततात आणि पुन्हा एकत्र येतात. एक आरसा सरकवत गेले की उजळ आणि काळे पट्टे आळीपाळीने येतात. या चढउतारांच्या नोंदीतून वर्णपट गणिताने काढायचा असतो.

विद्यार्थ्यांना हे समजावताना मी सोडियमच्या पिवळ्या दिव्यापासून सुरुवात करतो. आरसा सरकवताना पट्टे फिकट होत जवळजवळ नाहीसे होतात आणि पुन्हा ठळक होतात. सुमारे ०.२९ मिलिमीटर अंतरात हे चक्र पूर्ण होते. किंचित बेसूर असलेल्या तानपुऱ्याच्या दोन तारा एकदम छेडल्यावर आवाज जसा हेलकावतो, तसेच हे. त्या हेलकाव्यावरून कळते, की या पिवळ्या प्रकाशात दोन तरंगलांबी आहेत : ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर.

प्रत्येक तरंगलांबी नोंदीत आपली एक लाट मिसळते. त्या बेरजेतून एकेक लाट वेगळी काढण्याच्या रीतीला फूरिए रूपांतर म्हणतात. आरसा जितका लांब सरकेल, तितक्या जवळच्या रेषा वेगळ्या होतात.

अल्बर्ट मायकेल्सन यांनी १८९०च्या दशकाच्या आरंभी याच वाटेने हायड्रोजनची तांबडी रेषा दुहेरी असल्याचे दाखवले. पण ते डोळ्यांनी पट्ट्यांचा केवळ ठळकपणा टिपत होते. १८९२ मध्ये लॉर्ड रॅले यांनी नेमके त्यावर बोट ठेवले. ठळक रेषेशेजारी एक फिकी रेषा असेल, तर ती डावीकडे की उजवीकडे, हे अशा नोंदीवरून ठरतच नाही. दोन्ही वर्णपटांचा ठळकपणा सारखाच येतो. १८९८ मध्ये मायकेल्सन आणि स्ट्रॅटन यांनी ८० लाटांची बेरीज करणारे, स्प्रिंगांचे यंत्र बांधले. आकडेमोड सोपी झाली, पण न टिपलेली माहिती त्यातूनही मिळणार नव्हती.

पुढे संवेदक पट्ट्यांची संपूर्ण तीव्रता नोंदवू लागले आणि कूली-ट्यूकी यांच्या १९६५ च्या पद्धतीने संगणकाचे काम कितीतरी जलद झाले. १९८९ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘कोबे’ उपग्रहावर असेच एक उपकरण होते. विश्वाच्या पार्श्वप्रारणाचा, सुमारे २.७ केल्विन तापमानाचा वर्णपट त्यानेच रेखला.

तरीही सावधगिरी हवीच. नोंद मध्येच तुटली, की खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना खोटे उंचवटे उमटतात. कडा सौम्य करून ते दाबता येतात, पण मग रेषा रुंदावते. म्हणून आलेख पाहताना मी आधी विचारतो, आरसा किती सरकला होता?