दहावीचं गणित : गळती कुठे होते?

राज्य मंडळाच्या दहावीला गणिताचे दोन पेपर, बीजगणित आणि भूमिती. प्रत्येकी ४० गुण, २ तास. अवघड प्रमेयांचा बाऊ होतो, पण मार्क खातात ती सातवी-आठवीची चिन्हं आणि कंस. ७ − (४ − ९) सोडवताना कंसाबाहेरचा वजा आत पोचतच नाही आणि उत्तर येतं −६, हवं १२. उजळणी इथूनच सुरू करावी, गाइडं नंतर.

गुणाकार ताडायला नवाची कसोटी उत्तम. ३४७ × २६ = ९०२२. अंकांच्या बेरजा एका अंकावर आणल्या की ५ आणि ८. गुणाकार ४०, म्हणजे ४. ९०२२ चेही ४. जुळलं! मात्र ९२०२ लिहिलं तरी जुळतंच. अंकांची अदलाबदल या कसोटीला दिसत नाही.