पुतळा उभा राहतो कशाच्या बळावर?

वाशिम-पुसद मार्गावरील अनसिंगसारख्या मोठ्या गावाने मुख्य चौकात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभारण्याचे ठरविले, तर वर्गणी जमण्यास फारसा वेळ लागणार नाही. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. ती असते परवानगीची आणि धातूच्या मजबुतीची.

पहिला प्रश्न जागेचा. सार्वजनिक रस्ते, पदपथ व लोकोपयोगी जागांवर पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिला. त्यामुळे भर चौकातील जागा बहुधा बाद ठरते. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यानुसार प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते आणि देखभालीची जबाबदारी पुतळा उभारणाऱ्या संस्थेवर राहते.

दुसरा प्रश्न घडणीचा. शिल्पकार प्रथम मातीत आकृती घडवितो. तिच्यावरून साचा घेऊन त्यात ब्राँझचा रस ओततात. मोठा पुतळा सहसा तुकड्यांत ओतून नंतर जोडला जातो. अश्वारूढ पुतळ्यात घोडा आणि स्वार यांचा सारा भार घोड्याच्या बारीक पायांवर येतो. म्हणून आतील पोलादी सांगाडा, चौथऱ्यातील पकड आणि प्रत्येक सांधा निर्दोष असावा लागतो. आत पाणी झिरपले, की बाहेरून झळाळणारा पुतळा आतून गंजू लागतो.

याची दोन उदाहरणे महाराष्ट्रासमोर आहेत. शिल्पकार विनायकराव करमरकर यांनी घडविलेल्या पुण्यातील अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण जून १९२८ मध्ये झाले. हा पुतळा एकसंध ओतलेला आहे आणि तो आजही दिमाखात उभा आहे. याउलट मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. मान्यता सहा फुटांच्या नमुन्याला दिली होती, प्रत्यक्ष उंचीची कल्पना नव्हती, असे तत्कालीन कला संचालकांनी सांगितले. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा व सदोष वेल्डिंग यांवर बोट ठेवल्याचे वृत्त होते. पुढे मे २०२५ मध्ये तेथे सुमारे ६० फुटांचा नवा पुतळा उभा राहिला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. कला संचालनालय चेहरा, पेहराव आणि प्रमाणबद्धता तपासते. वारा, वजन आणि गंज यांचा हिशेब स्थापत्य अभियंत्यानेच मांडावा लागतो. गावाने शिल्पकाराला पहिला हप्ता देण्यापूर्वीच सांगाड्याचे आराखडे, धातूचे प्रमाण आणि दरवर्षीच्या तपासणीची हमी लेखी मागितली पाहिजे. उंची किती, यापेक्षा आयुष्य किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्या राजाने बांधलेले किल्ले साडेतीनशे वर्षांनंतरही लाटा झेलत उभे आहेत, त्याच्या स्मारकाला कच्चे काम शोभत नाही.